पसंतीक्रम

सातपूरच्या सायबर कॅफेत, घरघरत्या पंख्याखाली,
हर्षाली, तू स्क्रीनसमोर
आणि मी मागे, स्टुलावर,
रात्रपाळीवरून थेट आलेला,
शर्टाला कूलंटचा वास.

उद्या पाचला खिडकी बंद होणार.
कुठली खिडकी, मी विचारलं,
तर तू आणि जुनेद दोघंही हसलात.

मी वही आणलीय, रेघा आखून.
जॉब लावण्याआधी ड्रॉइंग वाचतात
तशी तीन आठवडे कॉलेजं वाचलीत मी :
फी, मेस, हॉस्टेलचं गेट, पोरं कुठं लागतात,
पहिला पगार हातात किती,
सीबीएसवरून थेट गाडी आहे की नाही,
मेकॅनिकलचं वर्कशॉप खरं की नुसतं फोटोतलं.
एका ठिकाणी लेथवर प्लास्टिक होतं
आणि प्लास्टिकवर धूळ.
बोटाने रेघ ओढून पाहिली.
तिथंच फुली मारली.

तुझ्या कागदावर एकच रकाना :
पाणी.

किती लांब आहे हॉस्टेलपासून.
दोन हजार मीटर सरळ मिळतं,
की मध्येच पूल.
जलपर्णी किती.
पहाटे पाचला वॉचमन सोडतो का मुलींना.

जुनेद म्हणाला, ताई, सगळे प्लेसमेंट विचारतात,
पाणी विचारणारी तूच पहिली.
टँकर लागतो का तिकडे?

सीईटीच्या दिवशी मशीनने
तुझा अंगठा तीनदा नाकारला.
वल्ह्याने रेषाच ठेवल्या नाहीत.
सेतू कार्यालयात माझाही असाच नाकारतात,
मग मी पँटला पुसतो, पुन्हा ठेवतो.
तूही पँटलाच पुसलास.
फाटकाबाहेरून पाहत होतो मी.
काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही.

पुण्याचं ते नदीकाठचं :
लेथही चालू, बोटीही.
पण गेल्या वर्षी जिथं यादी थांबली
त्याच्या खाली तू, शून्य पूर्णांक सहाने.
मला नको सांगूस की एवढंसंच आहे.
मायक्रॉनसाठी मी अख्खे जॉब
भंगारात जाताना पाहिलेत.
आणि तुझं ते राज्यस्तरीय रौप्य,
त्याला या फॉर्ममध्ये रकानाच नाही.
मी दोनदा वरखाली करून पाहायला लावलं.

दुसरं, लांबचं. उत्तम. नोकरी जवळपास नक्की.
पाणी नाही. जिममध्ये मशीन आहे म्हणाले,
भिंतीकडे तोंड करून वल्हवायचं.
तू काहीच बोलली नाहीस,
फक्त माउस हळूच सरकवलास खाली.

आणि तिसरं इथलंच.
घरचा डबा, स्कूटीवर गंगापूर धरण,
बेंडकुळे सर, आणि तीच जुनी बोट
जिच्या रिगरचा बुश
मी जेवणाच्या सुट्टीत वळवून दिला होता, गुपचूप.
फुली मारलेलं कॉलेज ते हेच.

"पप्पा, धूळ पुसता येते."

येते. पण बाई, ती का साचली
ते मला माहितीय. शिकवणाराची जागा
चार वर्षं रिकामी आहे तिथं.
हे मी बोललो नाही.
बोलायला हवं होतं की काय, कोण जाणे.

पहिल्यांदा धरणावर आलो तेव्हा
मला वाटलं पोरगी उलटी बसलीय.
जायचं तिकडे पाठ, तोंड माझ्याकडे.
दर दहा-बारा वल्ह्यांनी
खांद्यावरून एक नजर मागे, बस्स,
की पुन्हा ओढायला सुरुवात.

तू एक नंबरला पुणं टाकलंस, मिळणार नाही ते.
दोन नंबरचा बाण बराच वेळ थरथरत राहिला.
जुनेदने चहा मागवला.

मग क्लिक. मग ओटीपी.
तो गेला आईच्या फोनवर,
आई सिव्हिलमध्ये, ड्यूटीवर.
तिने सहा आकडे दोनदा सांगितले,
मागे कुणीतरी सिस्टर, सिस्टर हाका मारत होतं,
आणि ठेवता ठेवता विचारलं,
"दोन नंबरला काय टाकलं गं?"

तू माझ्याकडे पाहिलंस.
मी खिशात पेन शोधत होतो,
फुली खोडायची कशी
ते काही सुचत नव्हतं.